मदत हवी आहे: डंजन मास्टरमध्ये मशाली आणि अन्न पुरत नाही

नमस्कार मंडळी. एफटीएल गेम्सचा १९८७ चा, मूळ अटारी एसटी संगणकावरचा 'डंजन मास्टर' हा भुयारात भटकायचा गेम मी पहिल्यांदाच खेळतोय. आरशांतल्या २४ वीरांमधून हाल्क, सायरा, टिगी आणि वूफ घेतले आणि चौघांनाही 'रीइनकार्नेट' केलं, म्हणजे नवा जन्म देऊन घेतलं. मूळ गुण वाढतात म्हणून मोह झाला, पण त्यांची आधीची कौशल्यं गेली. आता सायराला साधा उजेडाचा 'फुल' मंत्रही दहादा फसून एकदा जमतो, तोवर मना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) संपतो. मशाली विझत चालल्यात. भूक-तहानेच्या पट्ट्या तर बघवत नाहीत!

स्क्रीमर नावाचे राक्षस मारून त्यांचे तुकडे खातोय, पण झोप काढून मना भरावा तर तेवढ्यात भूक वाढते. पुढे जायचं की माघारी फिरून मंत्रांचा सराव करायचा? की सगळं सोडून वीरांना 'रिझरेक्ट' करून, म्हणजे आधीच्या कौशल्यांसकट जिवंत करून, नव्याने सुरुवात बरी?

कागदावर चौकोन आखून नकाशा काढलाय, चार संध्याकाळी गेल्यात त्यात, म्हणून जीव तुटतो. ज्यांनी हा गेम पूर्ण केलाय त्यांनी कृपया सांगा. शेवटाबद्दल मात्र काही बोलू नका, ते मला स्वतः बघायचंय.