काळ्या मातीत लोह भरपूर, मग उसावर केवडा कसा?

खोडवावाला (फलटण):
राम राम मंडळी. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात दीड एकर, ८६०३२ जातीच्या उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेलं पीक), अडीच महिन्यांचा. शेंड्याकडची पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. दोन सऱ्यांत तर पार कागदासारखी पांढरी. नत्र कमी पडलं समजून दोन पोती युरिया टाकला. उसाला फरक शून्य, तणाची मात्र चंगळ. माती तपासली: सामू (पीएच) ८.४, चुनखडी १५ टक्के, लोह 'कमी'. पण आपल्या मातीचा खडकच लोहाचा ना? बांधावर चुंबक फिरवलं तर काळी रेती चिकटते. मग त्याच मातीत ऊस उपाशी कसा?

मातीवाले काका:
दादा, युरियाचे पैसे गेले ते गेले. आधी बघायचं, पिवळं पान कुठलं. नत्र तुटलं की ऊस खालच्या जुन्या पानातलं काढून शेंड्याला पुरवतो, म्हणून खालची पानं आधी पिवळी. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून नवं पानच पिवळं निघतं. तोच केवडा.

लोह कुठं गेलेलं नाही. मुळी चावत नाही, पिते. पाण्यात विरघळेल तेवढंच तिचं. ८.४ सामूला लोह गंजासारखं घट्ट होऊन बसतं. ऊस गवतातला, मुळीतून द्रव सोडून ते सोडवून घेतो खरा. पण खोडव्याची जुनी मुळी मेलेली, नवी अजून तोकडी. त्यात पाणी तुंबवलं तर बघायलाच नको. तुंबवता का?

एकरी १० किलो हिराकस (दुकानात फेरस सल्फेट म्हणा) १०० किलो कुजलेल्या शेणखतात कालवा, पाणी शिंपडून ५-६ दिवस झाकून मुरवा, मग मुळाजवळ द्या. नुसतं टाकलं तर चुनखडी तेही गिळते. तोवर फवारणी: १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस, १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. द्रावण तांबूस झालं तर ओतून द्या.

खोडवावाला:
तुंबवतो. लाईट रात्रीची, मोटर चालू करून झोपतो.

अंगणवाडीताई:
शेतीतलं मला कळत नाही, पण हे वाचून हसू आलं. आमच्याकडच्या एका मुलीला शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी, घरी मेथी-पालक, तरी हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना. आई म्हणायची, "खाते सगळं, अंगी लागत नाही." खोदून विचारलं तर जेवणावर लगेच चहा! चहातलं टॅनिन पालेभाजीतल्या लोहाला धरून ठेवतं, ते आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. मटणातलं लोह त्या मानानं सहज लागतं, पण हे घर माळकरी. मी म्हटलं, चहा दोन तासांनी, भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर आवळा खा. काकांनी पंपात टाकायला सांगितलं ते लिंबातलंच आंबट की!

मातीवाले काका:
ताई, पस्तीस वर्षं माती तपासली, पण हे असं मला सांगता आलं नसतं.

खोडवावाला:
बारा दिवस झाले. शेणखत मुरवून दिलं, दोन फवारे झाले, पाणी आता एकाआड एक सरी. नवं पान हिरवं निघतंय. आणि जुन्या पांढऱ्या पानांवर जिथं थेंब पडला तिथं हिरवे ठिपके! मंडळी म्हणते, उसानं गोंदून घेतलंय.