मुलाखतीचे कपडे घ्यायला पैसे नाहीत, मदत कुठे आणि कशी मागायची?

नवी_पायरी
सध्या नोकरी नाही. नऊ दिवसांनी बॅक ऑफिसच्या कामासाठी प्रत्यक्ष मुलाखत आहे. पँट मांडीवर आणि मागे चकाकते, शर्टाची कॉलर विरली आहे, बूट काही वर्षं खोक्यात पडून आहेत. बेरोजगारांना कपड्यांसाठी मदत मिळते म्हणतात. ती कोण देतं? अर्जात काय लिहायचं? आधी खरेदी करून नंतर पावती दिली तर चालतं का? उधारी टाळायची आहे.

मदत_खिडकी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. आधी खरेदी करू नका. अशा निधीतून पैसे मिळण्यासाठी खर्च व्हायच्या आधी मंजुरी लागते. पावती घेऊन गेलात तर उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही खर्च करू शकलात, म्हणजे गरज नव्हती. हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच लावला जातो.

पहिलं दार म्हणजे तुमची नोंदणी असलेलं रोजगार कार्यालय. कपड्यांची मदत तिथल्या फलकावर क्वचितच लिहिलेली असते, कारण ती हक्काची रक्कम नसून अधिकाऱ्याच्या निर्णयावर दिली जाते. म्हणून नाव घेऊन विचारावी लागते. ब्रिटनमध्ये जॉबसेंटरचा (तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयाचा) ‘फ्लेक्सिबल सपोर्ट फंड’ हा निधी याच प्रकारचा आहे. अमेरिकेत २०१४च्या ‘डब्ल्यूआयओए’ या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्याखालच्या नियमांत पूरक सेवांच्या यादीत कामाला साजेसे कपडे स्पष्ट नमूद आहेत, पण त्यासाठी आधी त्या योजनेत नाव असावं लागतं आणि तीच मदत दुसरीकडून मिळत नसावी लागते. इतरत्र नावं वेगळी असतील. ‘नोकरी मिळवण्यासाठीचा खर्च’ या शब्दांत विचारलं की समोरच्याला नेमकं कळतं.

सोबत तीन कागद न्या: मुलाखतीचं पत्र किंवा ईमेल (तारीख दिसली पाहिजे), बेरोजगार असल्याचा पुरावा, आणि एखाद्या दुकानातून वस्तूवार लिहून आणलेला किमतीचा कागद. रोख पैसे हातात पडतील असं धरून चालू नका. बऱ्याचदा व्हाउचर मिळतं किंवा दुकानाला परस्पर पैसे दिले जातात, म्हणून ते दुकान असं व्हाउचर घेतं का, हेही विचारून ठेवा.

अर्जात ‘कपड्यांसाठी मदत हवी’ एवढंच लिहिलंत तर तो बाजूला पडतो. वस्तू आणि कारण जोडीनं लिहा:

‘अमुक तारखेला अमुक पदाची प्रत्यक्ष मुलाखत आहे. त्यासाठी एक पँट (सध्याचीचं कापड झिजून चकाकतं), एक शर्ट (कॉलर विरली आहे) आणि एक जोड बूट (आहेत ते वापरण्याजोगे नाहीत) एवढ्याची गरज आहे. पट्टा व मोजे आहेत. किमतीचा कागद जोडला आहे. मुलाखतीआधी निर्णय कळावा, ही विनंती.’

‘पट्टा व मोजे आहेत’ हे वाक्य गाळू नका. जेवढं खरंच नाही तेवढंच मागितलंय, हे त्यातून दिसतं. नकार आला तर तो लेखी मागा आणि फेरविचाराची सोय आहे का ते त्याच वेळी विचारा. तोंडी नकारावर पुढे काही करता येत नाही.

कपाट_उघडा
अर्जाचा निकाल नऊ दिवसांत लागेलच असं नाही, म्हणून दुसरं दारही आजच वाजवा. मुलाखतीचे कपडे देणाऱ्या सेवाभावी संस्था बऱ्याच ठिकाणी आहेत. ‘ड्रेस फॉर सक्सेस’ १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, आज तिच्या शाखा अनेक देशांत आहेत आणि ती स्त्रियांसाठी काम करते. पुरुषांसाठीच्या संस्था त्या मानानं कमी, त्यामुळे चौकशी करताना ‘पुरुषांचे कपडे मिळतात का’ हे पहिल्याच वाक्यात विचारा.

अडचण अशी की अनेक ठिकाणी थेट जाऊन चालत नाही. रोजगार कार्यालय, प्रशिक्षण केंद्र, निवारा किंवा समाजसेवक यांच्यापैकी कोणाची तरी शिफारस लागते. म्हणजे अर्ज द्यायला जाल तेव्हाच शिफारसपत्रही मागून घ्या, एका फेरीत दोन्ही कामं होतात.

वेळ ठरवताना मापं फोनवरच सांगा: छाती, कंबर, पँटची आतल्या शिवणीची लांबी, गळा, बुटाचा नंबर. फार मोठी आणि फार लहान मापं दान म्हणून कमी येतात. आधी कळवलं तर ते शोधून ठेवतात, नाहीतर मिळेल त्यावर भागवावं लागतं. जाताना मुलाखतीला घालणार तेच मोजे घाला, बुटाचा अंदाज नीट येतो. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारापर्यंत आणखी कपडे देता का, हेही विचारा. काही संस्था देतात, पण न विचारल्यामुळे लोकांचं राहून जातं.

काही सार्वजनिक ग्रंथालयं टाय आणि बॅगा पुस्तकांसारख्या ठरावीक मुदतीसाठी देतात. तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.

आणि ‘मदतीसाठी आधी नोंदणी फी भरा’ असा संदेश आला तर तिथेच थांबा. ती फसवणूक समजा.

सुई_दोरा
मिळालेले कपडे अंगावर बसले नाहीत तर सगळी धावपळ वाया जाते, म्हणून थोडं शिवणकामाचं.

कोट किंवा ब्लेझर निवडताना फक्त खांदा बघा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा बदलायचा तर कोट जवळजवळ नव्यानं शिवावा लागतो. बाहीची बटणं खऱ्या काजांत बसत असतील तर खालून कापता येत नाही. नुसती वरून लावलेली असतील तर हे काम सोपं.

पँट घट्ट होत असेल तर ती आतून उलटी करा आणि मागच्या मधल्या शिवणीत माया (शिवणीबाहेर आत सोडलेलं जादा कापड) किती आहे ते मोजा. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर असेल तर कंबर साधारण तीन सेंटिमीटर सैल होते. माया नसेल तर ती पँट सोडून द्या. पायाची दुमड उसवून लांबी वाढवता येते, पण जुन्या दुमडीची रेघ राहते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं ओलं करा, रेघेवर ठेवून वरून इस्त्री दाबा. आधी आतल्या बाजूला करून बघा, रंग जाऊ शकतो. आणि रेघेवर कापडच विरलं असेल तर काहीही केलं तरी ती दिसणारच.

चकाकणाऱ्या पँटला ओल्या फडक्यावरून वाफ द्या आणि मऊ ब्रश फिरवा, फरक पडतो. पण चकाकी कायमची जात नाही, कारण धागे झिजून सपाट झालेले असतात.

वेगवेगळ्या ठिकाणचा काळा कोट आणि काळी पँट जोडू नका. दिव्याखाली सारखे वाटतात, उजेडात एक तपकिरी आणि एक निळसर दिसतो. गडद निळा आणि राखाडी असा उघड फरक जास्त नीटस दिसतो.

खोक्यातले बूट आज बाहेर काढा. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या दमटपणानं वर्षानुवर्षं आतून कुजतो, वरून बूट नवा दिसतो आणि चालताना तळाचे तुकडे पडतात. अंगठ्यानं तळ दाबा, भेगा दिसतात का बघा, मग घरातच वीस मिनिटं चाला. तळ चिकट किंवा भुसभुशीत लागला तर नुसता डिंक लावून उपयोग नाही.

नवी_पायरी
बुटाचा तळ दाबला, कडेला भुगा निघाला. बूट यादीत घालतो. एक विचारायचं होतं, बॅक ऑफिसला कोट लागतोच का?

मदत_खिडकी
अंदाज करू नका, ज्यांनी बोलावलंय त्यांनाच एका ओळीत विचारा: ‘मुलाखतीसाठी कोणता पोशाख अपेक्षित आहे, कृपया कळवावे.’ यात कमीपणा काही नाही. ‘साधा फॉर्मल’ असं उत्तर आलं तर कोट लागत नाही आणि तो ईमेल अर्जाला जोडता येतो. कोट हवा असं आलं, तर त्याची गरजही त्याच ईमेलनं सिद्ध होते. ईमेल आजच पाठवा, उत्तराची वाट न बघता अर्ज उद्या द्या, ईमेल मागाहून जोडा.

सुई_दोरा
कोट नवा मिळाला तर मागच्या चिरेवरचे फुलीसारखे टाके आणि बाहीवरची कंपनीची पट्टी घालायच्या आधी उसवा. टाके दुकानात घडी नीट राहावी म्हणून घातलेले असतात. लहान कात्रीनं आतल्या बाजूनं कापा, ओढू नका, कापड फाटतं. टेलरला तीन दिवस तरी द्या. परत आल्यावर खुर्चीत बसून, हात पुढे करून बघा. पाठीवर ताण आला तर वेळ असतानाच परत नेता येईल.