स्नोमेडची आवृत्ती गोठवावी की दर महिन्याला बदलावी?

तर्ककर्कश: स्नोमेड सीटी म्हणजे निदानं, तपासण्या, शस्त्रक्रिया यांची कोड असलेली संकल्पनासूची. ती चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य. देशातलं वितरण पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतून होतं. पूर्वी सहामाही असलेली आंतरराष्ट्रीय आवृत्ती २०२२ पासून मासिक झाली. माझं मत: रुग्णालयाने एक आवृत्ती वर्षभर गोठवावी. 'मधुमेह व त्याखालचं सगळं' (<< ७३२११००९) ही एकच क्वेरी जानेवारीत नि जूनमध्ये वेगळे आकडे देऊ लागली, तर रुग्ण वाढले की व्याख्या हलली, हे कसं ओळखणार?

पाटीपेन्सिल: असहमत. बाहेरून येणारे नवे कोड गोठवलेल्या आवृत्तीत नसतातच. असा रुग्ण कुठल्याच पूर्वजाखाली (म्हणजे 'मधुमेह'सारख्या वरच्या, व्यापक संकल्पनेखाली) येत नाही आणि एररही दिसत नाही. दर महिन्याला नवी आवृत्ती घ्यायला वेळ नाही, ही सबब चालणार नाही: स्नोमेड ओडब्ल्यूएल या व्याख्या लिहायच्या तर्कभाषेच्या ईएल नावाच्या सोप्या, वेगवान प्रकारात बसते, एल्क हा रीझनर (व्याख्यांवरून निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर) साध्या लॅपटॉपवर सगळं वर्गीकरण, म्हणजे कुठली संकल्पना कुठलीच्या खाली हे ठरवणं, मिनिटभरात उरकतो.

उंटावरचा: मग दोन्ही आवृत्त्या एकत्र लोड करा की. भांडण मिटलं.

तर्ककर्कश: नाव सार्थ केलंत! समजा, जुनी व्याख्या: न्यूमोनिया = फुफ्फुसाचा विकार + दाह. नवी: न्यूमोनिया = फुफ्फुसाचा विकार + दाह + घनीभवन (हवेच्या जागी द्रव भरून फुफ्फुस घट्ट होणं). आयडी एकच, म्हणून रीझनर दोन्ही खऱ्या धरतो. जुनीनुसार फुफ्फुसाचा प्रत्येक दाह न्यूमोनिया. नवीनुसार प्रत्येक न्यूमोनियात घनीभवन. म्हणजे फुफ्फुसाच्या साध्या दाहालाही घनीभवन चिकटलं! स्नोमेडमध्ये निषेध नाही ('अमुक नसतं' असं लिहिताच येत नाही), त्यामुळे विसंगती कधी उघडी पडतच नाही; वर्गीकरण 'यशस्वी'.

पाटीपेन्सिल: हे शंभर टक्के मान्य. आवृत्त्या वेगवेगळ्याच वर्गीकृत करायच्या. प्रत्येकीतून (संकल्पना, पूर्वज) अशा सगळ्या जोड्या काढा, पूर्वज म्हणजे थेट पालकच नव्हे, वरपर्यंतचे सगळे. मग दोन्ही संचांची वजाबाकी. नुसती डेल्टा फाइल (फक्त बदललेल्या ओळींची यादी) पुरत नाही: आजोबाची जागा बदलली तरी नातवाच्या ओळीत काहीच बदलत नाही. आलेल्या जोड्यांपेक्षा गेलेल्या जोड्या आधी बघा, कारण तिथे त्या पूर्वजावर बेतलेली, डॉक्टरला सावध करणारी एखादी इशारा-सूचना गुपचूप बंद पडते. निष्क्रिय (वापरातून काढलेल्या) कोडांना नव्या कोडाशी जोडणाऱ्या खुणा असतात; त्यांतले 'सेम अ‍ॅज' (तोच) आणि 'रिप्लेस्ड बाय' (याने बदलला) आपोआप वळवता येतात. 'पॉसिबली इक्विव्हॅलंट टू'ला (कदाचित समान) माणूसच लागतो. आणि मूळ नोंदीतला कोड खोडायचा नाही, आवृत्तीच्या तारखेसह तसाच ठेवायचा.

तर्ककर्कश: कागदावर छान. पण गेलेल्या जोड्यांची यादी दर महिन्याला वाचणारा डॉक्टर कुठून आणणार? न वाचता 'ओके' दाबला जाणार, त्यापेक्षा गोठवलेलं बरं.

पाटीपेन्सिल: पूर्ण यादी कोण वाचतंय! आपल्या क्वेरी आणि नियमांत असलेले पूर्वज तेवढे गाळून घ्या, उरेल ते वाचा.

तर्ककर्कश: ते नियम तीन विक्रेत्यांच्या तीन सॉफ्टवेअरांत दडलेले असतात. आधी ते बाहेर काढून दाखवा. तोवर माझी आवृत्ती वर्षाचीच.