मदत हवी आहे: भाड्याचं जुनं घर, खारावलेली भिंत, ३००० रुपये आणि खिळा ठोकायची बंदी

मंडळी, आम्ही सोलापुरात जुन्या पेठेतल्या एका माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात भाड्याने राहतो. पुढच्या महिन्यात धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे यायलेत आणि बैठकीची खोली कुणाला दाखवावी अशी नाही. हाताशी ३००० रुपये, दोन रविवार आणि मी. नवऱ्याची रात्रपाळी असते, त्याला हिशेबात धरू नका.

खरं दुखणं पश्चिमेकडच्या भिंतीचं. खालून कमरेपर्यंत पांढरा खार फुटलाय. हात लागला की डिस्टेंपरचे पोपडे पडतात. सकाळी झाडून काढलं तरी संध्याकाळी फरशीवर पिठासारखी रेघ असतेच. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून विटांच्या डिझाइनचा, चिकटवायचा वॉलपेपर आणला. महिनाभर झकास दिसला. मग एका दुपारी जेवायला बसलो असताना धप्पकन खाली आला, तोही पाठीला बोटभर जाड गिलावा घेऊन. तेव्हापासून मालक काकांची तंबी आहे: खिळा नाही, ड्रिल नाही.

सासूबाईंच्या ट्रंकेत दोन सोलापुरी चादरी आहेत, घडीसुद्धा न मोडलेल्या. एक मरून, मोरांची. दोन्हीकडून नक्षी सारखीच, फक्त रंग उलटे. ती भिंतीवर लावली तर खोली एकदम भरल्यासारखी दिसेल असं वाटतं. पण चादर चांगलीच जड आहे, ती खिळ्याशिवाय टांगायची कशी? आणि खाराचं काय करू?

*

चुनेवाला: ताई, आधी भिंत. जमिनीतली ओल वर चढते, येताना क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार राहतात आणि रंगाला ढकलतात. डिस्टेंपर, ऑइलपेंट किंवा लांबी (पुट्टी) लावून वरून झाकाल तर वॉलपेपरचंच पुन्हा होईल. सुटलेला रंग पत्र्याने खरवडा, खार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. वर चुना मारा, त्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. ओल बंद होणार नाही, ती मालकांनी बघायची गोष्ट. पण चार-सहा महिने भिंत नीट दिसेल.

चुना भिजवलेला, गाळलेला, ताकाइतका पातळ. पातळ हात तीन द्या, एक जाड नको. आपल्याकडच्या उन्हात पटकन सुकला की हाताला लागतो, म्हणून संध्याकाळी, भिंतीवर हलकं पाणी शिंपडून मारा. ओला असताना काहीच दिसत नाही, घाबरू नका, सकाळी पांढरा होतो. कळीचा (न भिजवलेला) चुना आणून घरी भिजवत बसू नका, उकळतो आणि डोळ्यांत उडतो.

नवी_पेठ: दोन्हीकडून चिकटणारी टेप मिळते की, तिने लावा चादर.

चुनेवाला: आणि पुन्हा गिलाव्यासकट खाली घ्या!

माळवदकर: ताई, माळवदाचं घर म्हणताय ना? मग भिंतीकडे कशाला बघताय, वर बघा. लाकडी तुळयांना झोपाळ्याच्या कड्या असतील. बुरुडाकडून चादरीच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब बांबू आणा. चादरीला वरून मागे सुती पट्टी शिवून बोगदा करा, म्हणजे चादरीला भोक पडणार नाही. बांबू ओवा, दोन दोऱ्यांनी कड्यांना बांधा. भिंतीपासून चार बोटं अंतर राहू द्या, चिकटून राहिली तर ओल धरेल, कुबट वास मारेल. खालची कडा खाराच्या वर ठेवा. पाहुणे गेले की सोडा, घडी घाला.

बाकी कुशनच्या खोळी वगैरेसाठी नवी चादर कापू नका. चाटी गल्लीतल्या कापड दुकानांत डाग पडलेला, किनार उसवलेला माल स्वस्तात मागा.

*

धागाकर्ती: आत्ता स्टुलावर चढून बघून आले. मधल्या तुळईला दोन कड्या आहेत! एकीत मालकांची जुनी दोरी अजून लोंबतेय. चार वर्षं राहतेय, कधी मान वर करून बघितलं नाही. काका म्हणाले, "बांध की, त्या कड्यांवर आम्ही सहा पोरं झोके घ्यायचो."

पण तुळई भिंतीपासून हातभर पुढे आहे. म्हणजे चादर पडद्यासारखी दिसणार. चालेल का? शिवाय सासूबाईंना अजून विचारलेलं नाही, तेही कसं विचारायचं ते सुचवा.

माळवदकर: हातभर? उत्तमच! मग चादर खालपर्यंत सोडली तरी खाराला टेकणार नाही, मागे दिवाणाच्या गाद्या लपवा. सासूबाईंना मोर कुठल्या बाजूने दिसायला हवेत, एवढंच विचारा.