सोप्रानो: ऑडिशनच्या यादीत ‘क्वीन ऑफ द नाइट’ ठेवावं का?

पांढरीदोन: भाची 23 वर्षांची, आवाज सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत उंच), मुंबईत पाश्चात्त्य गायन शिकते, ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेची आठवी ग्रेड झाली आहे. लंडनला मास्टर्सच्या ऑडिशन द्यायच्या आहेत. मोत्झार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातल्या (संगीत नाटकातल्या) राणीचा वरचा एफ लागतो, म्हणून तेच गाणं आधी ठेवायचं म्हणते. ठेवावं का? आणि ऑपेरा की कॉन्सर्ट (अभिनयाशिवाय मंचावर नुसतं गाणं) हे आत्ताच ठरवावं लागतं का?

अतितार: नुसता एफ लागतो म्हणून ठेवू नये. काळी चारला सा धरला तर सोप्रानोचा वरचा सी म्हणजे अतितार (तार सप्तकाच्याही वरच्या सप्तकातला) गंधार, आणि राणीचा एफ म्हणजे अतितार धैवत. तिथे पोचणं ही एक गोष्ट झाली. पण त्याच गाण्यात मधल्या पट्टीत धारदार, संतापलेला आवाज लागतो. तो नसला की वरचे स्वर शिट्टीसारखे सुटे पडतात आणि ऐकणाऱ्यांना ते लगेच कळतं.

त्याच ऑपेरातलं पामिनाचं (राणीच्या मुलीचं) ‘आख, इश फ्यूल्स’ गाऊन बघा. वर जेमतेम अतितार रिषभापर्यंत जातं, पण लय संथ आणि साथीला तुटक ठोके, त्यामुळे श्वास कुठे अपुरा पडतो ते उघडं दिसतं. 1791 मध्ये पामिनाची भूमिका पहिल्यांदा गायली ती 17 वर्षांची अ‍ॅना गॉटलीब. म्हणजे भूमिका तरुण आवाजाची आहे, सोपी नव्हे! पुचिनीच्या ‘तोस्का’सारख्या जड भूमिकांना मात्र आत्ता हातसुद्धा लावू नये. जड वाद्यवृंदावर मात करायला तरुण आवाज ढकलला की मधली पट्टी हलू लागते, आणि ती डुगडुग पुढे सहजी जात नाही.

साथसंगत: वरच्या स्वरावर ‘ई’ हा उच्चार (शब्दातलं अक्षर) आला की ती काय करते ते ऐका. वरच्या ए-वर, म्हणजे 880 हर्ट्‌झला, ‘ई’ आवळून धरला तर आवाज बारीक होतो. ‘ई’चा पहिला अनुनाद (तोंड-घशाची पोकळी जिथे आपोआप घुमते ती कंपनसंख्या) 300 हर्ट्‌झच्या आसपास, स्वराच्या कितीतरी खाली. जबडा सैल सोडून तोंड उघडलं की अनुनाद वर सरकून स्वराला गाठतो. अक्षर थोडं पुसट होतं, पण माइक नसताना मागच्या रांगेपर्यंत पोचायचं ते याच बळावर.

ऑपेरा की कॉन्सर्ट, हे आत्ता ठरवू नका. ऑपेराच्या तालमी कित्येक आठवडे चालतात. हेंडेलच्या ‘मसाया’सारख्या ऑरेटोरिओला (अभिनयाशिवाय गायल्या जाणाऱ्या धार्मिक कथेला) वाद्यवृंदाबरोबर बहुधा एक-दोनच, त्यामुळे पहिल्याच तालमीला सगळं पक्कं हवं. शिवाय वाद्यवृंद खाली खड्ड्यात नसतो, पाठीशीच बसतो. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांनी दोन्ही केलं, आणि ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी बऱ्याच रचना लिहिल्या.

पांढरीदोन: आभार. यादीत एकूण किती गाणी लागतात?

अतितार: प्रत्येक संस्थेची अट वेगळी, ती आधी वाचा. पाच तयार असली की बहुतेक ठिकाणी भागतं: इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी या चारही भाषा त्यांत याव्यात, आणि पाचांतलं एक ऑरेटोरिओमधलं असावं. पहिलं आपण निवडायचं, दुसरं बहुधा ते मागतात. म्हणून पाचही सारखीच पक्की हवीत.

साथसंगत: पियानोवाल्यासाठी पानं दोन्ही बाजूंनी छापून रिंगच्या फाइलीत लावा. चकचकीत प्लास्टिकच्या खिशात नकोत, दिव्याखाली ओळी दिसत नाहीत. गाण्याचा जो भाग गाळला असेल तिथे ठळक खूण करा आणि सुरू करण्यापूर्वी लय हलकेच गुणगुणून दाखवा, टिचक्या वाजवून नव्हे. खालच्या ओळीचे स्वर झेरॉक्समध्ये कापले गेले नाहीत ना, तेवढं आदल्या दिवशी तपासा.