'पान लागलं' : पहिलीतल्या मुलाचं एक वाक्य

प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. माहेर पुण्याचं, इकडे येऊन हे चौथं वर्ष. मागच्या श्रावणातली गोष्ट. पहिलीतला एक मुलगा सकाळपासून पेंगत होता. पाटीवर 'ग'चा काना ओढता ओढता मान खाली जायची. जवळ बोलावून विचारलं, रात्री झोपला नाहीस का रे? तो म्हणाला, "रातच्याला आज्ज्याला पान लागलं, मॅडम. समदे जागेच व्हते."

आमची आजी सुपारी खायची. एखादी सुपारी तिला 'लागायची'. घाम फुटायचा, गरगरायचं, मग घोटभर पाणी पिऊन ती भिंतीला टेकून बसायची. लहानपणी 'सुपारी लागली' हे इतक्यांदा ऐकलंय की 'पान लागलं' म्हटल्यावर माझं मन थेट तिथंच गेलं. तंबाखूचं पान असणार, जास्त झालं असणार. मी सगळ्या वर्गाला तंबाखूबद्दल पाच मिनिटं सांगितलं आणि त्याला म्हणाले, "आज्याला सांग, मॅडमनी पान बंद करायला सांगितलंय." त्यानं मान डोलावली. मी काहीतरी उपाय सांगतेय असंच त्याला वाटलं असणार.

दुपारी खिचडी वाढताना आमच्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "ह्याला जरा जास्ती वाढते. ह्याच्या आज्ज्याला पान लागलंय न्हवं. पहाटंच अंबाजोगाईला नेलंय." मी विचारलं, पान म्हणजे? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अवो, लांबडं चावलं."

आजोबा वाचले, आठवड्याभरात घरी आले. पण त्या सकाळचं अजून मनातून जात नाही. आजोबा दवाखान्यात मरणाच्या दारात होते आणि इकडे मी त्यांच्या नातवासमोर त्यांच्या व्यसनाबद्दल बोलत होते. आणि एक गोष्ट जास्त टोचते. 'पान लागणे : साप चावणे' हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता. परीक्षेत अर्थ लिहून वाक्यात उपयोगही केला होता. यादीतला शब्द प्रत्यक्ष कुणाच्या तोंडून आला तेव्हा मला तो ऐकूच आला नाही.

म्हणून विचारते. साप चावण्याला पान का म्हणतात? तुमच्याकडे अजून म्हणतात का? आणि मुलं शाळेत बोलतील आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाला कळणार नाहीत, असे शब्द तुमच्या भागात कोणते?

प्रतिसाद, सातारा जिल्हा

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. "पान लागून गेला" म्हणजे सर्पदंशानं गेला. वडील सांगायचे की नागाचा फणा पानासारखा दिसतो, म्हणून पान. विड्याच्या पानाच्या वेलाला आपण नागवेल म्हणतोच, म्हणजे नाग आणि पान यांचं नातं जुनंच आहे.

प्रतिसाद, नांदेड

नागवेलीचं पटतं, फण्याचं तितकंसं पटत नाही. फणा नागालाच असतो. घोणस, फुरसं, मण्यार यांना कुठे फणा? तरी यातलं कुठलंही चावलं तरी आमच्याकडे पानच लागतं. मला वाटतं इथे दिसण्यापेक्षा न बोलण्याला महत्त्व आहे. नाव घेतलं की तो येतो, ही भीती. म्हणून 'साप' टाळायचा आणि 'चावला'सुद्धा टाळायचं. दोन्ही शब्द काढून टाकले, तर हातात उरतं काय? शेतातलं अगदी साधं, निरुपद्रवी असं पान, आणि ते नुसतं 'लागलं'.

या 'लागणे'कडे जरा बघा. ठेच लागते, भूक लागते, ऊन लागतं, नजर लागते, गोळी लागते. ज्याला लागतं त्याचा दोष नाही आणि लावणाऱ्याचं नावही घ्यावं लागत नाही. मुलाचं वाक्य मराठी म्हणून पूर्ण आणि अचूक आहे. ताईंनी ते 'सुपारी लागली'च्या शेजारी ठेवलं, त्यानं 'ठेच लागली'च्या. क्रियापद तेच, पण एकातलं दुखणं खाण्यातून येतं आणि दुसऱ्यातलं बाहेरून.

प्रतिसाद, मालवण

आमच्याकडे सापाला 'जनावर' म्हणतात. माझ्या भाचीनं बालवाडीत सांगितलं, "बाई, संडासात जनावर हा." बाई घाटावरच्या. त्यांना कुत्रं-मांजर वाटलं. "काही करत नाही ते, हाड् म्हण" असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. पोरगी दारातच उभी राहिली, आत गेली नाही, म्हणून बरं. नंतर शिपायानं काठी घेऊन बघितलं, तर फुरसं होतं.

प्रतिसाद, पुणे

'बांगडी वाढली', 'मंगळसूत्र वाढलं' हेही त्यातलंच ना? फुटणं-तुटणं म्हणायचं नाही म्हणून वाढणं. नारळसुद्धा आपण वाढवतो. माझ्या मुलीनं शाळेत "आईचं मंगळसूत्र वाढलं" सांगितलं, तर तिच्या बाईंनी मला केवढ्याला पडलं म्हणून विचारलं होतं.

प्रतिसाद, ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर

शब्दाच्या चर्चेत थोडं वेगळं लिहितो, पण ते शब्दाशीच जोडलेलं आहे. आमच्याकडे केसपेपरवर 'सर्पदंश' लिहायचं असतं. पण दारातून येणारं माणूस 'पान लागलं', 'किरडू लागलं', कधी नुसतं 'काहीतरी लागलं' म्हणतं. नव्या डॉक्टरला हे शब्द पहिल्या दिवशी माहीत असायला हवेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालतं. पण ते वेळेत मिळायला आधी कुणाला तरी कळावं लागतं की हा दंश आहे.

मण्यारीचं तर विशेष. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुधा सूज नाही, दुखणं नाही, खूण शोधूनही सापडत नाही. सकाळी माणूस पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात. अशा वेळी घरातलं लहान मूल जे बोलतं ते मी पहिल्यांदा ऐकतो. मोठी माणसं घाबरून शब्द गिळतात, मूल घरात ऐकलेलं जसंच्या तसं सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला 2017 साली दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. शेतात राबणाऱ्या माणसाचं दुखणं असल्यामुळे ते इतकी वर्षं मागे पडलं, असं माझं मत आहे.

शिक्षकांना एकच सांगणं. मुलानं असं काही सांगितलं तर हातपाय न हलवता लगेच दवाखान्यात न्यायला सांगा. करकचून बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं ओढणं, यातलं काही नको.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. नांदेडच्या दादांचं 'लागणे'बद्दलचं वाचून मी बराच वेळ थांबले. मी त्या मुलाला गावंढळ बोलतो म्हणून दोनदा सुधारलं होतं, 'समदे' नाही 'सगळे' म्हण म्हणून. त्याच्या वाक्यातलं जे खरं समजून घ्यायचं होतं ते मात्र राहूनच गेलं.

आता मी एक वही केलीय. मूल अनोळखी शब्द बोललं की सुधारण्याआधी विचारते, "म्हणजे काय झालं रे?" आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घेते. 'लांबडं', 'किरडू' आले आहेत, तुमचं 'जनावर'ही लिहिलं.

डॉक्टरांचं लिहिणं वाचल्यावर काल त्या मुलाला पुन्हा जवळ बसवलं. तो आता दुसरीत आहे. विचारलं, आज्ज्याला पान लागलं त्या रात्री तू कुठे होतास? म्हणाला, शेजारीच. गोधडीत. आज्जा उठला आणि म्हणाला, पाय बघ रे. यानंच कंदील धरला, यानंच दोन ठिपके पाहिले आणि यानंच आईला हाक मारली. मी विचारलं, हाक मारून काय म्हणालास?

भर दुपार होती, वर्गात पंचवीस पोरं ओरडत होती. तरी ते सांगताना त्यानं आवाज खाली घेतला आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "पान."