स्नार्ल: एक शब्द की दोन?

गोदाकाठ:
मी नाशिकला आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. काल ‘स्नार्ल’ आला. अर्थ दोन: दोऱ्याचा, केसांचा गुंता आणि कुत्र्याचं दात विचकून गुरगुरणं. मी म्हटलं, संध्याकाळी द्वारका चौकात उभे राहा, दोन्ही एकदम दिसतील. गाड्या एकमेकींत अडकलेल्या आणि माणसं एकमेकांवर गुरगुरताहेत. शब्द एकच आहे, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

आडगाव नाका:
उदाहरण छान, पण शिकवताय ते चूक आहे. शब्द दोन, स्पेलिंग एक. गुंत्याचा स्नार्ल ‘स्नेअर’वरून, म्हणजे फासावरून आला, मध्ययुगीन इंग्रजीतला. गुरगुरण्याचा सोळाव्या शतकातला, ‘स्नार’ या लोपलेल्या क्रियापदावरून. जर्मन ‘श्नारेन’चा भाऊबंद. चांगल्या कोशात दोन्ही नोंदी वेगळ्या असतात. आपल्याकडे गळ्यातली माळ आणि गावाबाहेरचा माळ, यांचं नातं कोणी जोडतं का?

गोदाकाठ:
बोलणारा कोश उघडून बोलत नाही. मराठीतच बघा ना, गुरफटणं आणि गुरगुरणं. दोन्हीकडे ‘गुर’ आहेच की!

आडगाव नाका:
म्हणून नातं सिद्ध होत नाही. गुरगुर थेट कुत्र्याच्या घशातून आलीय. रोमन लोक ‘र’ला कुत्र्याचं अक्षर म्हणत, ते याच आवाजामुळे. गुरफटण्यात आवाज कुठे आहे?

येवलेकर:
मीही दोन शब्दांच्या बाजूने, पण माझं कारण कोशातलं नाही. संक्रांतीला आसारीवरचा, म्हणजे पतंगाच्या फिरकीवरचा, मांजा गुंतला की आजोबा म्हणायचे, “ओढू नकोस, गाठ बसेल.” मग ते उन्हात बसून एकेक पदर मोकळा करायचे, तासभर सुद्धा. पैठणीच्या रेशमाचंही तेच, चिडलेल्या हाताने धागा तुटतोच. गुंता आणि राग एकाच शब्दाचे, हे माझ्या मनाला पटत नाही. आणि गाड्यांसाठी आपली ‘कोंडी’ आहे की! तिच्यात गुंता नाही, कोंडलेपण आहे.

गोदाकाठ:
आजोबांचं वाचून थांबले. उद्या फळ्यावर दोन वेगळ्या नोंदी लिहिते. द्वारका मात्र काढणार नाही, मुलांच्या ते पक्कं डोक्यात बसलंय.

आडगाव नाका:
काढू नका. फक्त सांगा की ट्रॅफिकचा स्नार्ल पहिल्या नोंदीतला, फासाच्या घरचा. तिथे एकही हॉर्न वाजला नाही, तरी तो स्नार्लच.